नव्या घराचें ऋण

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणें घेऊनच येतो, असें आपल्या धर्मशास्त्रानें सांगितलें आहे: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. महाभारतांत या तिन्हींस एका चौथ्या ऋणाची जोड दिलेली आढळते. तें ऋण मनुष्यांचें, म्हणजे ज्यांच्यामध्यें आपण राहतों त्या लोकांचें. या चौथ्या ऋणाची आठवण आपणांस क्वचितच होते. पाहुण्यास जेवूं घातलें, एखाद्या गरजूस चार पैशांची मदत केली, कीं तें फिटलें असें आपण समजतों. परंतु मनुष्य ज्या वेळीं घर बांधतो त्या वेळीं तो या ऋणांत जितका बुडतो तितका दुसऱ्या कोणत्याही कृत्यानें बुडत नसेल, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. घर एकाचें असतें. पण त्याची सावली, त्याचें सांडपाणी, त्याच्या छपरावरून वाहून जाणारा पाऊस आणि त्याच्या भिंतींनीं दिवसभर साठविलेली उष्णता हीं कोणा एकाचीं नसतात. शिवाय बांधणारा साठ-सत्तर वर्षांनीं राहत नाहीं, घर राहतें. त्या घराचें भलें-बुरें ज्यांनीं भोगावयाचें ते बहुतेक अजून जन्मासही आलेले नसतात.

नव्या इमारतींनीं पाणी, वीज व उष्णता यांविषयीं कोणते नियम पाळावे, आणि शहरानें ते वेळोवेळीं अधिक कडक करावे कीं नाहीं, हा प्रश्न आपण सामान्यतः अभियंत्यांवर आणि बांधकामाचा धंदा करणाऱ्यांवर सोंपवून मोकळे होतों. ‘ग्रीन बिल्डिंग’ हा शब्द जाहिरातींतून सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. पण त्यामागें कांहीं नीतीचा प्रश्न आहे असें सुशिक्षित कुटुंबांतही कोणी बोलतांना आढळत नाहीं. आमच्या मतें हा मुळांत नीतीचाच प्रश्न आहे, आणि तो केवळ अभियंत्यांचा समजल्यामुळेंच त्याचें उत्तर वारंवार चुकतें.

हा विचार आमच्या मनांत पुस्तकें वाचून आला, असें मात्र नाहीं. पुण्यांत आम्ही ज्या इमारतींत गेलीं पंचवीस वर्षें राहतों ती तीन मजल्यांची असून आंबिल ओढ्यापासून फार दूर नाहीं. ती पाडून तिच्या जागीं अकरा मजल्यांची नवी इमारत उभारण्याचें आतां घाटत आहे. त्यासाठीं भरलेल्या सभेंत विकासकाच्या बाजूनें आलेल्या एका तरुण गृहस्थांनीं पडद्यावर सुंदर चित्रें दाखविलीं. इमारतीस हरित मानांकन मिळविल्यास मूळ चटईक्षेत्राच्या कांहीं टक्के अधिक बांधकाम करतां येतें, असें त्यांनीं सांगितलें. त्यावर सभेनें त्यांस एकच प्रश्न केला: ‘मग प्रत्येकाला किती फूट जास्त मिळतील?’ खरें सांगावयाचें तर हा प्रश्न विचारणाऱ्यांत आम्हीही होतों.

तळमजल्यावर राहणाऱ्या एक वृद्ध बाई, ज्यांना सारी इमारत काकू म्हणते, मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं ओढ्यास पूर आला तेव्हां त्यांच्या स्वयंपाकघरांत गुडघ्याच्या वर पाणी चढलें होतें आणि धान्याचे डबे तरंगत होते. त्यांनीं हळूच विचारलें, ‘अहो, पण सगळीकडे फरशी घातल्यावर पावसाचं पाणी जायचं कुठं?’ सभा हंसली. कोणी म्हणालें, ‘काकू, तुम्ही आतां सातव्या मजल्यावर राहायला जाणार. तुम्हांला पाण्याची कसली भीति?’ काकूही हंसल्या; पण म्हणाल्या, ‘माझ्याकडं नाहीं यायचं हो. पण कुणाच्या तरी घरांत जाईलच ना?’ या प्रश्नास कोणीं उत्तर दिलें नाहीं, आणि सभा वाहनतळाच्या विषयाकडे वळली.

काकूंचा प्रश्न भोळेपणाचा नव्हता. एक हजार चौरस मीटरांच्या आवारावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे पंचवीस हजार लिटर पाणी पडलें. उन्हाळ्यांत आपण ज्या दहा हजार लिटरांच्या टँकरची वाट पाहत बसतों तसले अडीच टँकर एका सरीनें अंगणांत आणून ओतले, असा याचा अर्थ. माती उघडी असली तर त्यांतील बराच भाग ती पिऊन टाकते. सगळीकडे फरशी व काँक्रीट असलें तर तें सारें पाणी गटारांत, गटारांतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून खालच्या वस्तींतील कोणाच्या तरी उंबऱ्यावर जातें. सातव्या मजल्यावर जाणारा मनुष्य पुरांतून सुटतो. पूर नाहींसा होत नाहीं.

शहरानें घरमालकास असे नियम लावणें ही कांहीं नवी जुलमी कल्पना नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत घरांविषयीं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर, सांडपाण्याची वाट, खिडक्यांची जागा आणि यांत चूक करणाऱ्यास दंड, यांचा विचार त्यांत केला आहे. लंडन शहर १६६६ मध्यें जळाल्यावर पुढच्याच वर्षीं कायदा होऊन नव्या घरांच्या भिंती विटांच्या किंवा दगडांच्या असाव्या असें ठरलें. मुंबईंत १८९६ मध्यें प्लेग आला. त्यांतून १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ मध्यें घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन ज्या नियमाचा पुरस्कार केला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. त्याचा सरळ अर्थ एवढाच, कीं खिडकीसमोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारें दुपटीहून अधिक असूं नये, म्हणजे तळच्या खोलींतही आकाशाचा उजेड पोंचतो. ज्याची जमीन त्यानें आकाशापर्यंत बांधावें, मध्यें बोलणारे तुम्ही कोण, हा आक्षेप असल्या प्रत्येक नियमाच्या वांट्यास येतोच. परंतु एका चाळींतील कोंदट खोली ही साऱ्या शहराच्या फुफ्फुसांची बाब आहे, हें प्लेगानें शिकविलें होतें.

प्लेगाच्या जागीं आज उष्णता, पूर आणि पाण्याचें दुर्भिक्ष्य हीं आलीं आहेत, एवढाच फरक. त्यांना अनुसरून नियमही होत आले आहेत. केंद्र सरकारनें २००१ मध्यें ऊर्जा संवर्धनाचा कायदा केला. २००७ मध्यें मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं संहिता काढली व २०१७ मध्यें ती सुधारून तीन पायऱ्यांची केली. २०१८ मध्यें राहत्या घरांसाठीं ‘इको निवास संहिता’ निघाली. आणि २०२२ च्या दुरुस्तीनें मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेंत आणण्याची वाट मोकळी झाली. मुंबई वगळून महाराष्ट्रांतील बहुतेक शहरांसाठीं केलेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झाली.

हीं नांवें रुक्ष आहेत, पण आंतील गोष्ट आपल्या आजीला समजेल इतकी सोपी आहे. निवास संहिता सांगते, कीं थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती व खिडक्या यांतून दर चौरस मीटरास सरासरी पंधरा वॅटहून अधिक उष्णता घरांत येऊं नये; आणि उष्ण व दमट हवेच्या गांवीं उघडतां येणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एकषष्ठांशाहून कमी नसावें. पश्चिमेकडील भिंतीवर छज्जा असावा, छप्पर उन्हांत तापूं नये, वारा एका बाजूनें आंत येऊन दुसरीकडून बाहेर जावा, हेंच जुन्या गवंड्याचें शहाणपण येथें आंकड्यांत मांडलें आहे. आमच्या जुन्या इमारतीच्या पश्चिमेकडील खिडक्यांवर दोन-दोन फुटांचे छज्जे आहेत. पडद्यावरील नव्या चित्रांत ते कोठेंच नव्हते. त्यांच्या जागीं छपरापासून पायथ्यापर्यंत चकचकीत कांच होती, आणि प्रत्येक खोलीबाहेर वातानुकूलन यंत्र टांगण्यासाठीं एक सुबक कोनाडा होता. हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें घरांतील उष्णता उचलून, तींत स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालून, बाहेरच्या बोळांत टाकतें. ज्या शेजाऱ्यापाशीं यंत्र नाहीं त्याच्या खिडकीशीं ती उष्णता जाऊन उभी राहते.

आतां बांधणारा असें कां बांधतो? तो कांहीं दुष्ट नसतो. छज्ज्याचा खर्च त्याला करावा लागतो. छज्जा नसल्याचा खर्च मात्र पुढें राहणारा विजेच्या बिलांतून साठ वर्षें भरीत राहतो. खर्च एकाचा व भोग दुसऱ्याचा, अशी जेथें फारकत असते तेथें नुसत्या सौजन्यावर विसंबून चालत नाहीं. एडमंड बर्क यानें १७९० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत समाज म्हणजे जिवंत, मृत आणि अजून न जन्मलेले यांची भागीदारी होय, असा विचार मांडला आहे. या भागीदारींतील तिसऱ्या भागीदारास सभेंत हात वर करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारा कोणी असेल तर तो नियमच.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकीं दोन खरोखर विचारार्ह आहेत. पहिला असा, कीं नियम कडक केले म्हणजे घरें महाग होतात, आणि नुकतेंच लग्न झालेल्या, कर्ज काढून दोन खोल्या घेऊं पाहणाऱ्या जोडप्यानें जगाच्या कल्याणाचा भार कां वाहावा? हा प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर असें, कीं कांहीं नियमांस खर्च जवळजवळ नसतोच. खोल्यांची दिशा नीट धरणें, खिडकी समोरासमोर ठेवणें, छपरास पांढरा रंग देणें, अंगणांतील माती उघडी ठेवणें यांत पैशापेक्षां विवेक अधिक लागतो. ज्यांस खर्च येतो ते मोठ्या इमारतींस आधीं लावावे; निवास संहितेनेंही पांचशें चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांपासूनच आरंभ केला आहे. आणि जें घर चैत्रांत भट्टीसारखें तापतें तें खरोखर स्वस्त असतें काय? त्याची उरलेली किंमत तें जोडपें दरमहा हप्त्याहप्त्यानें भरीतच असतें. ती फक्त खरेदीखतांत लिहिलेली नसते.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्मीं लागणारा आहे. नियम नव्या घरांनाच कां? जुन्या घरांत सुखानें राहणाऱ्यांनीं नव्यानें येणाऱ्यांवर कर्तव्यें लादावीं, हा कोठला न्याय? जुनी इमारत मोडून सुधारणें फार कठीण, आणि नवी बांधतांनाच चांगली बांधणें सोपें, हें या आक्षेपाचें व्यावहारिक उत्तर होय. परंतु पुनर्विकासांत तेंही पुरें पडत नाहीं. आमच्यासारख्या जुन्या सभासदांस नवी व मोठी घरें एक पैसाही न देतां मिळणार. त्यांचा खर्च वरच्या मजल्यांवर घरें विकत घेणाऱ्या परक्या लोकांकडून वसूल होणार. म्हणजे आम्ही जे अधिक फूट मागत होतों ते कोणाच्या तरी खिशांतून, कोणाच्या तरी उजेडांतून आणि ओढ्याकांठच्या कोणाच्या तरी उंबऱ्यावरून येणार होते. नियमांचा भार नवागतांवर पडतो म्हणून तक्रार करण्याचा अधिकार निदान आम्हांस तरी उरत नाहीं.

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. २०२० च्या नियमावलींत हरित इमारतींस, त्यांच्या मानांकनाच्या श्रेणीप्रमाणें, मूळ चटईक्षेत्राच्या ३, ५ किंवा ७ टक्के अधिक बांधकामाचें प्रोत्साहन ठेवलेलें आहे. हेतु चांगला आहे, यांत शंका नाहीं. परंतु या योजनेंत एक नैतिक गफलत दडलेली आहे. ऋणकोनें कर्ज फेडलें म्हणून सावकार त्यास इनाम देत नाहीं. शेजाऱ्याच्या घरांत पाणी न सोडणें, त्याच्या खिडकीवर उष्णता न फेंकणें, पुढच्या पिढीच्या विहिरी न आटविणें हीं दानें नव्हत. तीं देणीं आहेत. देण्यास दान म्हटलें म्हणजे मनुष्य तें ऐच्छिक समजूं लागतो, आणि त्याचा मोबदला न मिळाल्यास तें न देण्यास आपण मोकळे आहों असें मानतो. आमच्या सभेंत नेमकें हेंच घडलें. शिवाय हें इनामही असें विलक्षण, कीं त्यानें मूळ ऋणच वाढतें. कारण अधिक बांधकाम म्हणजे अधिक माणसें, अधिक वाहनें आणि अधिक पाणी.

मग प्रोत्साहन सर्वस्वीं त्याज्य समजावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. जो नियमाच्या पुढें जाऊन अवघड गोष्ट प्रथम करून दाखवितो त्यानें इतरांची वाट सोपी केलेली असते, आणि त्याला कांहीं द्यावें हें न्याय्य आहे. अट एवढीच, कीं आजची ऐच्छिक पायरी ही उद्यांची सक्तीची जमीन झाली पाहिजे. कॅनडांतील टोरांटो शहराचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें २०१० मध्यें नव्या बांधकामांसाठीं हरित मानकांची पहिली पायरी सक्तीची झाली, आणि तिच्यावरील पायरी ऐच्छिक राहून ती चढणाऱ्यास विकासशुल्काचा कांहीं भाग परत मिळूं लागला. पुढें २०१४, २०१८ व २०२२ मध्यें तीं मानकें सुधारण्यांत आलीं, आणि आजची वरची पायरी पुढील आवृत्तींत सर्वांस बंधनकारक व्हावी अशा बेतानें ऊर्जेचे नियम आंखले गेले. बांधणाऱ्यास चार वर्षें अगोदर कळतें, कीं आपणांस कोठें पोंचावयाचें आहे. म्हणून कडक नियमही तेथें अन्यायाचा ठरत नाहीं. अन्याय कडकपणांत नसून अकस्मात् बदलण्यांत असतो. आमच्याकडील प्रोत्साहन मात्र जिना न होतां चौथऱ्यासारखें जागच्या जागीं राहिलें, तर त्यावर चढून फक्त अधिक फूट मोजले जातील.

तथापि नियम केला म्हणजे ऋण फिटलें, असेंही नाहीं. चेन्नई येथें २००३ मध्यें सर्व इमारतींस पावसाचें पाणी मुरविण्याची व्यवस्था करणें सक्तीचें झालें, आणि तो नियम देशभर वाखाणला गेला. त्यानंतर सोळा वर्षांनीं, २०१९ च्या उन्हाळ्यांत, त्याच शहराचे तलाव कोरडे पडले व आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पाऊस थोडा झाला हें त्याचें एक कारण खरें. पण अनेक घरांतील त्या व्यवस्था गाळानें बुजून नांवापुरत्या उरल्या होत्या, हेंही तितकेंच खरें.

चेन्नईच्या लोकांस बोल लावण्यापूर्वीं आम्हांस आमच्याच आवाराकडे पाहिलें पाहिजे. दहा वर्षांपूर्वीं आमच्या सोसायटीनें घरपट्टींत सवलत मिळावी म्हणून एक शोषखड्डा खणून घेतला. सवलत मिळाली. दुसऱ्या वर्षीं छपरावरून येणारी नळी निखळली. तिसऱ्या वर्षीं खड्ड्याच्या झांकणावर कुंड्या मांडल्या गेल्या. २०१९ च्या त्या रात्रीं काकूंच्या स्वयंपाकघरांत जें पाणी शिरलें त्यांतील बहुतेक ओढ्याचें होतें; पण आमच्या छपराचें पाणीही त्यांत मिसळलेलें होतें, हें नाकबूल करतां येत नाहीं. त्या वर्षीं सोसायटीचे चिटणीस आम्हीच होतों. नळी जोडण्यास किती खर्च आला असता याची चौकशी आम्हीं पुरानंतर केली. तो आमच्या दिवाळीच्या रोषणाईच्या निम्माही नव्हता.

म्हणून नव्या मानकांत एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: इमारतीची परीक्षा नकाशावर न थांबतां तींत माणसें राहूं लागल्यावरही दरसाल व्हावी. वीज किती जळली, पाणी किती मुरलें, खड्डा साफ आहे कीं नाहीं, हें कोणीतरी येऊन पाहावें. बांधणाऱ्याचें ऋण इमारत पुरी होतांच बरेंचसें फिटतें; राहणाऱ्याचें त्या दिवशीं सुरू होतें.

पुढच्या सभेंत आम्हीं एक लेखी सूचना मांडली. पश्चिमेकडे छज्जे असावे, अंगणाची एक बाजू फरशीवांचून उघडी ठेवावी, शोषखड्ड्यांच्या देखभालीसाठीं निराळा निधि असावा, आणि त्यापायीं प्रत्येकाचे कांहीं फूट कमी झाले तरी तें पत्करावें, एवढेंच तींत होतें. बोलतांना आमचा आवाज थोडा कांपला, कारण पहिल्या सभेंत आम्हीं काय विचारलें होतें तें सर्वांस आठवत होतें. मतें मोजलीं तेव्हां आमच्या बाजूस चार हात होते. त्यांतील एक काकूंचा होता.

चार हातांनीं जें होत नाहीं तें शहराच्या नियमानें होऊं शकतें. म्हणूनच नियम हवा, आणि तो वेळोवेळीं वर चढत जाणारा हवा. परंतु शहराचा नियम करणारे तरी आपल्यासारखेच लोक असतात, आणि ते निवडून येतात ते आपल्याच हातांनीं. काकूंच्या प्रश्नास त्या सभेंत मिळालें नाहीं तें उत्तर आपण दिलें नाहीं, तर पुढच्या एखाद्या पावसांत तें ओढ्याकडून मिळेल. आणि तें ऐकावयास त्या वेळीं आपण वरच्या मजल्यावर असूं, खालीं दुसरें कोणी असेल.